‘सोड’ आणि ‘ये’

नमस्कार श्रोतेहो,

घरात कुत्र्याचं पिल्लू आलं की पहिल्या आठवड्यातच त्याला हात मिळवायला शिकवायची घाई सुरू होते. पाहुण्यांसमोर त्यानं पंजा पुढे केला की सगळे खूश. त्यात वाईट काहीच नाही. पण पंजा देता आला नाही म्हणून कुठलाही कुत्रा दगावत नाही. तोंडात धरलेली वस्तू सोडायला शिकवलेलं नसतं, रस्त्यावर हाक मारली तरी तो मागे फिरत नाही, तिथे जीव जातो. म्हणून आज मी मुख्यतः दोन शब्दांबद्दल बोलणार आहे: ‘सोड’ आणि ‘ये’. पुष्कळ घरांत हे दोन्ही शब्द माणसांकडूनच नकळत बिघडलेले असतात.

पिल्लाला मोजा सापडतो. घरातला एकजण ओरडतो, दुसरा मागे धावतो, पिल्लू सोफ्याखाली शिरतं. त्याला ओढून बाहेर काढतात, जबडा फाकवतात, मोजा हिसकावून घेतात आणि वर एक चापटही देतात. यातून पिल्लू काय शिकतं? माणूस जवळ आला की आपली वस्तू जाते, तेव्हा ती वाचवायची तर पटकन गिळायची. मोज्यापुरतं हे निभावून जातंही. पण पुढच्या वेळी त्याच्या तोंडात औषधाच्या गोळ्यांची पट्टी असते, आणि आपण पुढे धावलो की ते तीही गिळून टाकतं.

‘सोड’ शिकवायचं ते घरात सगळं शांत असताना, संकट आल्यावर नाही. पिल्लाला त्याचं साधं, फारसं लाडकं नसलेलं खेळणं द्या. ते तोंडात धरलं की एकदाच, नेहमीच्या आवाजात ‘सोड’ म्हणा आणि चांगला वास येणारा खाऊचा बारीक तुकडा त्याच्या नाकाशी न्या. नाकपुड्या हलतात, जबडा सैल पडतो, खेळणं खाली पडतं. त्याच क्षणी तुकडा द्या. बक्षीस एक-दोन सेकंदांत मिळालं तरच ते कशाबद्दल मिळालं हे त्याला कळतं. यानंतर बहुतेक जण एक पायरी गाळतात: खेळणं उचलून त्याला परत द्या. सोडलं की खाऊ मिळतो आणि वस्तूही परत येते, हा विश्वास बसला की ते सोडायला कां-कूं करत नाही. मग खाऊ नाकाशी न नेता नुसता शब्द वापरून पाहा. हळूहळू त्याच्या आवडत्या वस्तूंकडे जा. रोज दोन-तीन मिनिटं, दिवसातून काही वेळा, एवढं पुरतं. पिल्लू कंटाळायच्या आत थांबायचं.

‘ये’ हा शब्द तर त्याहून जास्त वाया जातो. बागेत मजेत हुंगत असलेल्या कुत्र्याला ‘ये’ म्हणून बोलावलं आणि पट्टा लावून घरी नेलं. ‘ये’ म्हणून बोलावलं आणि आंघोळ घातली. दहा हाका मारल्यावर तो आला तेव्हा चिडून रागावलो. कुत्रा शेवटच्या कृतीशी शिक्षा जोडतो, आणि त्याची शेवटची कृती होती आपल्याकडे येणं! म्हणून कितीही उशिरा आला तरी आल्याबद्दल शाबासकीच द्यायची. नखं कापायची असतील, औषध पाजायचं असेल, तर स्वतः उठून त्याच्याकडे जा. त्यासाठी हा शब्द खर्च करू नका. सुरुवात घरात, चार पावलांवरून करा. मग दुसऱ्या खोलीतून. मग मोकळ्या जागेत लांब दोरी बांधून. आणि वाहनं असतील तिथे, कितीही शिकलेला कुत्रा असला तरी पट्टा सोडायचा नाही. यात मला तडजोड मान्य नाही.

‘त्याला कळतं हो, बघा कसा अपराधी चेहरा करतो,’ असं पुष्कळ जण सांगतात. अमेरिकेतल्या संशोधक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली नेमकं हेच तपासलं. तो पडलेला चेहरा कुत्र्यानं चूक केली होती की नव्हती यावर अवलंबून नव्हता. मालक रागावला की तो दिसायचा, काहीच न केलेल्या कुत्र्याच्याही तोंडावर. म्हणजे त्याला आपला राग कळतो, दोन तासांपूर्वी फाडलेली उशी त्याच्या हिशेबात नसते. घरी परत आल्यावर केलेली मारहाण म्हणूनच निव्वळ वाया जाते, आणि वर भीती पेरते.

मारहाणीचं समर्थन करताना ‘कुत्रा लांडग्याच्या जातीचा, त्याला म्होरक्या लागतो’ असंही ऐकू येतं. ही कल्पना मुख्यतः बंदिस्त जागेत एकत्र ठेवलेल्या लांडग्यांवरून आली. प्राण्यांच्या वागणुकीचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये अशा लांडग्यांबद्दल लिहिलं होतं. पुढे डेव्हिड मीच यांनी वर्षानुवर्षं मोकळ्या लांडग्यांचा अभ्यास केला आणि १९९९ मध्ये मांडलं की नैसर्गिक कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्लं, एक कुटुंब. तेव्हा कुत्र्याला उताणं पाडून दाबून धरणं सोडून द्या. त्यातून चावे मात्र होतात.

चाव्याआधी कुत्रा सहसा सांगतो. तोंड फिरवतो, ओठांवरून जीभ फिरवतो, डोळ्याचा पांढरा भाग दिसतो, अंग ताठ होतं, मग गुरगुरतो. गुरगुरण्याबद्दल त्याला कधीही शिक्षा करू नका. ती सूचना बंद पाडली तर पुढच्या वेळी तो सूचना न देता चावेल. लहान मूल आणि कुत्रा, कितीही गुणी असोत, दोघांनाच एकत्र सोडू नका.

आता घराकडे वळू. एकदा खरोखर गुडघ्यांवर बसून पिल्लाच्या उंचीवरून घर पाहा. लोंबणाऱ्या वायरी, गॅलरीच्या गजांमधल्या फटी, झाकण नसलेला कचऱ्याचा डबा, टीपॉयवरची पर्स. पर्समध्ये काय असतं? गोळ्या, आणि कधी बिनसाखरेचं च्युइंगगम. त्यातल्या काहींत झायलिटॉल, म्हणजे साखरेऐवजी वापरलेला एक गोड पदार्थ, असतं. माणसाला ते चालतं, पण कुत्र्याच्या शरीरात त्यामुळे इन्शुलिन एकदम वाढतं आणि रक्तातली साखर अर्ध्या तासात कोसळू शकते. यकृतही निकामी होऊ शकतं. चॉकलेटमधलं थिओब्रोमीन हे द्रव्य कुत्र्याच्या शरीरातून फार हळू बाहेर पडतं. चॉकलेट जितकं गडद तितकं घातक. द्राक्षं आणि मनुका मूत्रपिंडाला बाधतात. कांदा-लसूण, शिजवलेला असो वा पूड असो, तांबड्या रक्तपेशी फोडतो आणि त्याची लक्षणं दिसायला काही दिवस जातात. उंदराच्या विषाचंही बऱ्याचदा तसंच: खाल्लं त्या दिवशी कुत्रा ठणठणीत दिसतो, आतला रक्तस्राव नंतर सुरू होतो. आपली पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेनची गोळी त्याला ताप आला म्हणून कधीही देऊ नका. शिजवलेली हाडंही नकोत. त्यांच्या अणकुचीदार चिरफळ्या होतात.

उन्हाचं वेगळं सांगायला हवं. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ फक्त पंजांच्या तळव्यांना. अंग थंड करायचं तर धापा टाकाव्या लागतात. चपट्या नाकाच्या जातींना तेही नीट जमत नाही. बाहेर २४ अंश सेल्सिअस असलं तरी बंद मोटारीत दहा मिनिटांत ३४ आणि अर्ध्या तासात ४० अंशांच्या पुढे तापमान जाऊ शकतं. काच थोडी खाली ठेवून फारसा फरक पडत नाही. ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणून कुत्र्याला गाडीत ठेवू नका.

इतकं करूनही एखाद्या दिवशी तो काहीतरी गिळतोच. तेव्हा लक्षणांची वाट पाहू नका, लगेच पशुवैद्यांना फोन करा. त्यांचा आणि रात्री चालू असणाऱ्या दवाखान्याचा नंबर घरातल्या सगळ्यांना दिसेल असा आजच लावून ठेवा. काय खाल्लं, किती, केव्हा, आणि कुत्र्याचं वजन किती, हे सांगा. वेष्टन किंवा उरलेली पट्टी सोबत न्या. मीठ पाजून उलटी काढू नका; ते मीठच विषासारखं भिनू शकतं. फिनेल, ॲसिड किंवा बॅटरी पोटात गेली असेल तर उलटीबरोबर ती वर येताना अन्ननलिका पुन्हा भाजते. उलटी करवायची की नाही हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. आणि दवाखान्यात निघताना त्याला रागावू नका. टेबलावर त्याला तुमच्या हाताखाली स्वस्थ उभं राहायचं असतं.

नमस्कार.