आपला कॉम्प्युटर पेनड्राईव्हवर

मित्रांनो, मी आज बोलणार आहे ते मुख्यतः ज्यांच्याकडे स्वतःचा लॅपटॉप नाही त्यांच्यासाठी. कॉलेजची लॅब, मित्राचा जुना डेस्कटॉप, सायबर कॅफे, जिथे मशीन मिळेल तिथे बसायचं, आणि मग आपलं सॉफ्टवेअर आहे का, मराठी टाइप होतंय का, कालची फाइल कुठे गेली, यातच वेळ जातो. पेनड्राईव्हवर आपण फायली नेतो ना, तशी अख्खी ऑपरेटिंग सिस्टीमच नेता येते, ब्राऊझर, ऑफिस, फॉन्ट, सेटिंग सगळं धरून. समोरच्या मशीनचा प्रोसेसर, रॅम, स्क्रीन आणि कीबोर्ड वापरायचा, त्याच्या हार्डडिस्कला हात लावायचा नाही.

ही कल्पना तशी जुनी आहे. जर्मनीतल्या क्लाउस क्नॉपर यांनी 2000 साली क्नॉपिक्स आणलं, 700 एमबीच्या एका सीडीत जवळपास 2 जीबीचं सॉफ्टवेअर दाबून बसवलेलं, सीडी घातली की लिनक्स, म्हणजे विंडोजसारखीच पण फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम, सुरू, इन्स्टॉल काही करायचं नाही. पण छापलेल्या सीडीवर परत लिहिता येत नाही, त्यामुळे बंद केलं की केलेले बदल गेले. 2003 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या बॅरी कॉलर यांनी पपी लिनक्स काढलं. ते इतकं छोटं की पूर्ण रॅममध्ये जाऊन बसतं, म्हणून जुनाट मशीनवर पण पळतं, आणि बंद करताना विचारतं की बदल सेव्ह करू का. मायक्रोसॉफ्टचं पण पेनड्राईव्हवरून चालणारं विंडोज टू गो होतं, पण ते संस्थांसाठीच्या आवृत्तीत, आणि 2020 च्या विंडोज 10 अपडेटमध्ये त्यांनी ते काढूनच टाकलं. लिनक्सवाल्यांनी सोडलं नाही, म्हणून आज आपण सगळे फुकटात हे करू शकतो.

आता आत काय चालतं ते नीट समजून घ्या, कारण इथेच बऱ्याच जणांची फसगत होते. पेनड्राईव्हवरची मूळ सिस्टीम एका दाबलेल्या फाइलमध्ये असते आणि ती फक्त वाचता येते, तिच्यात काही बदलत नाही. तुम्ही जे बदलता ते तिच्यावरच्या वेगळ्या थरात जातं, छापील नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवून त्यावर पेन्सिल चालवावी तसं. हा वरचा थर नुसता रॅममध्ये असेल तर शटडाऊन केलं की गेलाच! तो पेनड्राईव्हवर ठेवायचा असेल तर पेनड्राईव्ह बनवतानाच त्याला जागा द्यावी लागते, याला पर्सिस्टन्स म्हणतात. विंडोजवर रुफस नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात उबुंटू या लिनक्सच्या एका प्रकाराची फाइल निवडली की पर्सिस्टन्सचा स्लायडर दिसतो, तो शून्यावर ठेवू नका, बस.

मला स्वतःला यातलं सगळ्यात मोलाचं काय वाटतं तर मराठी. परक्या मशीनवर कधी फॉन्ट नसतो, कधी मराठी टाइप करायचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड लावायची परवानगी नसते. आपल्या पेनड्राईव्हवर इनस्क्रिप्ट किंवा उच्चाराप्रमाणे टाइप करायचं फोनेटिक एकदा लावून ठेवलं, लिब्रेऑफिस घातलं, युनिकोड फॉन्ट घातले, की कुठेही बसा, अक्षरं तशीच उमटणार.

मशीन सुरू होताना एफ12, एफ9 किंवा एस्केप, कंपनीप्रमाणे जी की असेल ती दाबून बूट मेन्यूतून पेनड्राईव्ह निवडायचा. मान्यता असलेलीच सिस्टीम सुरू होऊ देणारी सिक्युअर बूट नावाची सेटिंग असते, दुसऱ्याच्या मशीनवर ती बंद करायला जाऊ नका, कारण डिस्क विंडोजच्या बिटलॉकर या कुलपाने लॉक असेल तर मालकाकडे रिकव्हरी की मागितली जाऊ शकते आणि ती त्याला कुठून आठवणार? उबुंटू सिक्युअर बूट चालू असताना पण सहसा सुरू होतं. निळ्या यूएसबी 3 पोर्टला लावा, जुन्या 2.0 पोर्टची मर्यादा सेकंदाला 480 मेगाबिट, 3.0 ची 5 गिगाबिट, फरक लगेच कळतो. अगदी स्वस्त पेनड्राईव्ह मात्र कुठेही लावला तरी छोट्या छोट्या फायली लिहिताना रखडतो, त्यामुळे शक्य असेल तर थोडे जास्त पैसे घाला.

सुरक्षेचं पण सांगतो. विंडोजमध्ये बसलेला पासवर्ड चोरणारा प्रोग्राम इथे चालत नाही, कारण ते विंडोज सुरूच झालेलं नसतं. पण कीबोर्डच्या वायरमध्ये कोणी उपकरण खोचलं असेल तर ते सगळं टिपणारच, म्हणून कॅफेत बसून बँकेचे व्यवहार नकोत. आणि पेनड्राईव्ह रिक्षात पडला तर? टेल्स नावाची सिस्टीम साठवायची जागा पासवर्डने एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, करूनच देते, तिला 8 जीबीचा पेनड्राईव्ह लागतो. बाकी कुठलीही वापरत असाल तर खाजगी फायली व्हेराक्रिप्ट या फायली कुलूपबंद करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या कप्प्यात ठेवा. फ्लॅश मेमरी लिहून लिहून झिजते, कधीकधी काही न सांगता मरते, तेव्हा दर आठवड्याला दुसऱ्या पेनड्राईव्हवर कॉपी काढाच. आणि कॉलेजच्या लॅबमध्ये गुपचूप करू नका, लॅबच्या सरांना आधी दाखवा, हार्डडिस्कला धक्का लागत नाही हे समोर बघितलं की त्यांच्याशी बोलणं सोपं जातं.