उडवण्याआधी बंद करायला शिका

मंडळी, रिमोटवर उडणारं पहिलं हेलिकॉप्टर कोणतं घ्यावं, असं मला नेहमी विचारतात. मी म्हणतो, आधी चांगला ट्रान्समीटर, म्हणजे हातातला रिमोट घ्या, तो संगणकाला जोडा आणि सिम्युलेटरवर, म्हणजे पडद्यावरच्या खोट्या हेलिकॉप्टरवर, हवं तितकं आपटा. लोकांना ही पळवाट वाटते. पण तिथे शंभरदा आपटलं तरी एक बटण दाबलं की यंत्र पुन्हा उभं. खऱ्या यंत्राला त्याच आपटण्यानंतर पाती, शाफ्ट आणि शेपटीची नळी नवी लागते, शिवाय एक अख्खी संध्याकाळ स्क्रू पिळण्यात जाते.

एकावर एक उलट दिशेने फिरणारे दोन रोटर (पात्यांची चक्रं) असलेलं कोअॅक्सियल हेलिकॉप्टर घरात उडवायला मजेचं. यंत्राला गरगर फिरवू पाहणारे दोन्ही रोटरांचे पीळ एकमेकांना मारतात, म्हणून ते बिचारं शांत असतं. पण त्यावर हात बसला म्हणजे हेलिकॉप्टर आलं, असं समजू नका. खरी गंमत, आणि खरी फजितीसुद्धा, कलेक्टिव्ह पिचमध्ये आहे. तिथे रोटरचा वेग जवळपास तोच राहतो आणि पात्यांचा कोन बदलून यंत्र वरखाली होतं.

माझी फजिती सांगतो. आयडल-अप नावाचा मोड असतो. त्यात ट्रान्समीटरवरची वरखाली नेणारी स्टिक मध्यावर असताना पात्यांचा कोन शून्य आणि त्याखाली उलटा. मोटर मात्र चालूच. हे मला तोंडपाठ होतं. तरी यंत्र कलंडायला लागलं तशी मी घाबरून स्टिक पूर्ण खाली ओढली. उलट्या कोनाच्या पात्यांनी ते अक्षरशः जमिनीत दाबलं. पडल्यावरही मोटर फिरतच होती आणि मोठ्या गिअरचे दात करकरत सोलले जात होते. पडल्यामुळे जेवढं मोडलं, त्याहून जास्त मोडलं ते मोटर बंद न केल्यामुळे.

म्हणून थ्रॉटल होल्डचा, म्हणजे मोटर लगेच बंद करणारा खटका. त्यावर बोट न बघता गेलं पाहिजे. सिम्युलेटरवरही दर वेळी पडताना तो ओढायचाच, तिथे काही मोडत नसलं तरी. हिशोब करून बघा: 325 मिलिमीटरची पाती, रोटरचा व्यास साधारण 700 मिलिमीटर, मिनिटाला 2,800 फेरे. पात्याचं टोक सेकंदाला 100 मीटरच्या वर जातं, म्हणजे ताशी 360 किलोमीटरहून जास्त. हे खेळणं नव्हे. मुलं, कुत्री आणि हौशी बघे लांब ठेवा.

बॅटरी जोडताना आधी ट्रान्समीटर चालू, होल्ड लावलेला. काढताना आधी बॅटरी, मग ट्रान्समीटर. लायपोचा, म्हणजे या लिथियम-पॉलिमर बॅटरीचा, प्रत्येक सेल भरल्यावर 4.2 व्होल्टचा होतो. नुसता ठेवायचा तर 3.8 च्या आसपास ठेवा. चार्ज होताना बॅटरीला एकटी सोडू नका, आणि फुगलेली बॅटरी "अजून एकदा चालेल" म्हणून वापरू नका. उड्डाणाचा टायमर सुरुवातीला चार मिनिटांचा लावा. उतरल्यावर सेल 3.7 च्या वर दिसला तर मग थोडा वाढवा.

आता प्रत्यक्ष उड्डाण. शेपटी आपल्याकडे, यंत्र पाचसहा मीटर लांब. नवखे जमिनीपासून वीतभर उंचीवर रेंगाळतात, कारण पडलं तरी थोडंच पडेल असं वाटतं. पण तिथे रोटरची स्वतःचीच हवा जमिनीवर आपटून यंत्राला डुचमळवते. डोळ्यांच्या उंचीपर्यंत न्या, तिथे ते जास्त शहाण्यासारखं वागतं. शिवाय हेलिकॉप्टर कललं की त्या बाजूला सरकत जातं. ते सरकायला लागण्याची वाट न पाहता, कललेलं दिसताच थोडासा उलटा हात द्यायचा. मोठा हात दिलात की झोका सुरू.

नाक आपल्याकडे आलं की डावं-उजवं उलटं होतं आणि भलेभले गडबडतात. त्यावर एक जुनी युक्ती आहे: जी बाजू खाली झुकलीय, तिच्याकडे कल देणारी स्टिक न्यायची, जणू पडत्या बाजूला टेकू देतोय.