मेणबत्तीच्या धुरातून निघालेलं आम्ल

अध्यक्षमहाराज आणि मित्रहो, विषय जाहीर झालाय 'हॅलोजनयुक्त सेंद्रिय आम्लं', म्हणजे क्लोरीन, फ्लुओरीन अशी मूलद्रव्यं (हॅलोजन) बसवलेली कार्बनी आम्लं. तरीही एवढी मंडळी आलीत, म्हणजे नंतर बटाटेवडे आहेत ही बातमी फुटलेली दिसते.

माझी एक जुनी तक्रार आहे. बारावीच्या मुलासाठी हा विषय म्हणजे 'आम्लतेचा चढता क्रम लावा', गुण एक. क्रम लावला, गुण घेतला, विसरला. याच आम्लांपायी युरोपातले दिग्गज एकमेकांच्या उरावर बसले होते, हे त्याला कुणी सांगतच नाही.

म्हणून आधी गोष्ट. पॅरिसच्या त्विलरी राजवाड्यात मेजवानी होती. मेणबत्त्या पेटल्या आणि पाहुणे खोकायला लागले, असं सांगतात. चौकशी सोपवली सेव्ह्रच्या पोर्सेलिन कारखान्याचे प्रमुख ब्रोंन्यार यांच्याकडे. त्यांनी ती जावयाच्या गळ्यात मारली. (आपल्याकडे जावयाला काम सांगून बघा!) जावई होते रसायनशास्त्रज्ञ द्युमा. त्यांनी छडा लावला: मेण शुभ्र करायला क्लोरीन वापरलेला, तो मेणातच ठाण मांडून बसला आणि जळताना हायड्रोक्लोरिक आम्ल होऊन बाहेर पडला.

म्हणजे मेणातल्या हायड्रोजनची जागा क्लोरीन घेऊ शकतो. पुढे 1839च्या सुमारास द्युमांनी ॲसिटिक आम्ल (व्हिनेगरमधलं) आणि क्लोरीन उन्हात ठेवून ट्रायक्लोरोॲसिटिक आम्ल मिळवलं. तीन हायड्रोजन गेले, तीन क्लोरीन आले, तरी आम्ल ते आम्लच. द्युमा म्हणाले, रेणूचा साचा महत्त्वाचा. स्वीडनचे बुजुर्ग रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस भडकले. त्यांच्या मते सगळी रसायनं धन-ऋण विद्युतभारांवर चालतात. धन हायड्रोजनच्या खुर्चीत ऋण क्लोरीन बसेलच कसा? जर्मन रसायनशास्त्रज्ञ व्होलरना तर भलताच चेव आला. 1840 मध्ये त्यांनी द्युमांची थट्टा करणारं पत्र टोपणनावानं लिहिलं: एका क्षारातले सगळेच अणू काढून क्लोरीन भरलाय, आणि लंडनच्या दुकानांत क्लोरीनचं कापड मिळतं, इस्पितळांत त्याच्या रात्रीच्या टोप्यांना फार मागणी आहे! लीबिग या रसायनशास्त्रज्ञानं ते आपल्या नियतकालिकात चक्क छापलं. पण 1842 मध्ये मेल्सेन्स या रसायनशास्त्रज्ञानं द्युमांच्या आम्लातला क्लोरीन काढून पुन्हा ॲसिटिक आम्ल मिळवलं, आणि बर्झेलियसची बाजू लंगडी झाली.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं.

आता मुख्य मुद्दा, पळतपळत. आम्ल किती तीव्र ते सांगणारा आकडा म्हणजे पीकेए. ॲसिटिक आम्लाचा पीकेए 4.76. एक क्लोरीन घातला की 2.86, तीन घातले की सुमारे 0.65. पीकेएमध्ये एक अंक उतरला की आम्ल दहापट तीव्र. म्हणजे इथे दहा हजारपटीच्या वर. क्लोरीन इलेक्ट्रॉन ओढतो, त्यामुळे आम्लातून हायड्रोजन सुटल्यावर मागे उरलेल्या आयनाचा, म्हणजे भारित कणाचा, ऋणभार पसरतो आणि हायड्रोजन सहज सुटतो. भोवतालच्या पाण्याचाही यात मोठा वाटा आहे, तो पुस्तकं गाळतात. माझं म्हणणं एवढंच, की साच्याबद्दल द्युमा जिंकले, पण हे आकडे बर्झेलियसच्या बाजूनं साक्ष देतात. विद्युतभाराला महत्त्व आहे, हे म्हातारा बरोबरच सांगत होता.

उपयोग? बीएएसएफ या जर्मन कंपनीनं 1897 मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आणली, तिच्या कृतीत क्लोरोॲसिटिक आम्ल (एक क्लोरीनवालं) होतं. आपल्या नीळशेतीचं पुढे काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. उसातल्या तणावर मारतात ते टू-फोर-डी याच आम्लापासून करतात. आणि गाड्यांच्या एसीतला एक नवा वायू हवेत मोडला की ट्रायफ्लुओरोॲसिटिक आम्ल होतं, पावसातून खाली येतं आणि पाण्यात साठत राहतं. त्यावर खरं तर तासभर बोलायचं होतं, पण संयोजक उठून उभे राहिलेत.