एसएसीडीवर पैसे घालावेत का?

हायब्रिड एसएसीडी (सुपर ऑडिओ सीडी, सीडीपेक्षा बारीक तपशिलाचं रेकॉर्डिंग असलेली डिस्क) उजेडात धरली तरी साध्या सीडीसारखीच दिसते. आत मात्र दोन थर असतात: सीडीचा 1.2 मिलिमीटर खोल, लेबलला लागून. डीएसडीचा (ही एसएसीडीची आवाज साठवायची पद्धत) त्याच्या निम्म्यावर, 0.6 मिलिमीटरवर. हा दुसरा थर अर्धपारदर्शक असल्याने साध्या प्लेअरचा लेसर त्यातून आरपार जाऊन सीडी वाचतो.

आता लोक काय करतात? बटण दाबून दोन्ही थर आलटून पालटून ऐकतात आणि म्हणतात, जमीन-अस्मानाचा फरक आहे. फरक असतोही, खोटं कशाला बोला? पण पुष्कळदा दोन्ही थरांचं मास्टरिंगच (डिस्क काढण्याआधी आवाजावर फिरवलेला शेवटचा हात) वेगळं असतं. सीडीवाला आवाज दाबून वर उचललेला असतो. तुम्ही फॉरमॅट तपासताय असं वाटतं, तपासताय मास्टरिंग.

मग फॉरमॅटचं काय? सीडीच्या 16 बिटांत हळू ते मोठ्या आवाजाचा सुमारे 96 डेसिबलचा पल्ला मिळतो. पंखा बंद केलेल्या शांत खोलीतही 30 डेसिबल आवाज असतोच. त्यावर 96 चढवले की 126, म्हणजे कान दुखायची वेळ. 2007 साली मेयर आणि मोरान यांनी एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओच्या वाटेत 16 बिट, 44.1 किलोहर्ट्झचा, म्हणजे सीडीच्या दर्जाचा, टप्पा घातला आणि श्रोत्यांना ओळखायला सांगितलं. 554 प्रयत्नांत 276 बरोबर. नाणं उडवलं असतं तरी एवढंच! पुढे 2016 साली राइस यांनी अनेक प्रयोग एकत्र मोजले तेव्हा आकडा 52.3 टक्क्यांवर गेला, प्रशिक्षित कानांचा त्याहून वर. म्हणजे फरक शून्य नाही, पण फार बारीक आहे.

घरी तपासायचं तर 24 बिट, 96 किलोहर्ट्झची फाइल घ्या. सॉक्स या संगणकावरच्या प्रोग्रॅमने ती डिदर (बिट कमी करताना मिसळायची हलकी खरखर) लावून 16/44.1 करा आणि परत 24/96 वर न्या. हा परतीचा फेरा टाळू नका. नाहीतर सॅम्पलिंग बदलताना डॅक (डिजिटलचा अॅनालॉग आवाज करणारं यंत्र) खट् करतो आणि कान त्यावरूनच ओळखतात. मग फूबार या संगणकावरच्या प्लेअरमध्ये एबीएक्स (एक्स हा ए की बी, ते न बघता ओळखायचं), 16 फेऱ्या. 12 बरोबर आल्या तर दखल घ्यावी. 9-10 आल्या तर चहा प्यावा. दोन वेगवेगळे प्लेअर तुलनेला लावणार असाल तर 1 किलोहर्ट्झचा सूर वाजवून स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर धरा. एकावर 2.00 व्होल्ट आले तर दुसऱ्यावर 2.02 च्या वर नकोत. जरा मोठा वाजणारा नेहमी "चांगला" वाटतो.

एसएसीडी घ्यायची ती दोन कारणांसाठी: मास्टरिंग खरंच वेगळं असेल, किंवा 5.1 (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) ऐकायचं असेल. दुसऱ्यासाठी प्लेअर एचडीएमआयनेच जोडा. कोअॅक्सिअल किंवा ऑप्टिकलवर डीएसडी येत नाही, आणि डिस्क बिघडली समजून माणूस ती परत करायला निघतो. आणखी एक: बरेच रिसीव्हर डीएसडी थेट घेतलं की बासचं वाटप आणि अंतराची सेटिंग सोडून देतात. छोटे सॅटेलाइट स्पीकर असतील तर प्लेअरच्या मेनूत आउटपुट पीसीएम (सीडीची आवाज साठवायची पद्धत) ठेवा.