हीट लागायच्या आधी

(भट्टीचं झाकण उघडतं. लाल उजेड.)

कोल्हापूर, शिरोली एमआयडीसी. सकाळची पहिली हीट, म्हणजे भट्टीत एका वेळी वितळणारा घाण. ऑइल इंजिनांच्या काळापासून या भागात ओतकाम चालत आलंय. आज यातून पंपांचे आणि ट्रॅक्टरचे सुटे भाग निघतील.

भट्टी विजेवर चालते. एक टन लोखंड वितळवायला साधारण 600 युनिट जातात. झाकण उघडं राहिलं की उष्णता वर निघून जाते. वाळूचे साचे तयार नसले की रस नुसता धरून ठेवावा लागतो, आणि मीटर पळतच असतो.

(हातोडीचे ठोके. जवळून.)

मागच्या ओतकामाचे हे रनर-रायझर, म्हणजे रस साच्यात जायच्या वाटांमध्ये गोठलेलं जादा लोखंड, पुन्हा भट्टीत जाणार. त्यांना चिकटलेली वाळू मामा आधी झाडून घेतायत. दोन ठोके, एक झटका. वाळू तशीच आत गेली, तर तिलाही तापवत बसायचं आणि शेवटी स्लॅग, म्हणजे रसावरची मळी, म्हणून काढून टाकायचं.

(आयटीआयची पोरं भंगार निवडताना.)

नव्या पोरांची सुरुवात इथून होते. गंजलेलं वेगळं, गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्त चढवलेला, पत्रा वेगळा.

एवढ्याशा कारखान्यात एचआरची केबिन कुठली असायला! भरतीही मालकच करतात. म्हणूनच मालक सकाळी कुठं उभे राहतात, याला फार महत्त्व आहे. हे मालक भट्टीपाशी असतात. प्रत्येक हीटचे युनिट फर्नेसमननं फळ्यावर खडूनं लिहायचे, आणि आकडा वाढला तर कारण आधी त्यालाच विचारायचं, ही त्यांनी घालून दिलेली रीत.

(मूठभर वाळू दाबणारा हात.)

मोल्डरला, म्हणजे साचे भरणाऱ्याला, पूर्वी नगावर पैसे मिळायचे, त्यामुळे सगळा जोर नग वाढवण्यावर. पण रिजेक्ट झालेला नग पुन्हा वितळवायचा, म्हणजे त्याच लोखंडाला दुसऱ्यांदा वीज. आता रिजेक्शन कमी आलं की अख्ख्या पाळीला बोनस मिळतो. जास्त आलं म्हणून कुणाचा पगार कापत नाहीत. वाळू मुठीत दाबून बघायची, ओल कमी वाटली तर मशीन थांबवायचं. त्यासाठी कुणाला विचारावं लागत नाही. कारखान्याचं पर्यावरण धोरण आम्हाला सगळ्यांत स्पष्ट दिसलं ते या मुभेत आणि पगाराच्या हिशेबात.

वाळूतल्या सिलिकाच्या धुळीनं होणारा फुफ्फुसांचा आजार बरा होत नाही. त्यासाठी मास्क आणि दरवर्षी छातीची तपासणी आहे. ठेकेदाराची माणसं मात्र अजून बोनसमध्ये धरलेली नाहीत. वाळू तीही झाडतात, साचे तीही भरतात. ती यात यायलाच हवीत.