कूलर बंद करून दिलेली टेस्ट

(दृश्य: मानेवाड्यातलं घर, दुपार. बंद कूलर, स्टुलावर लॅपटॉप, हेडफोन लावलेली मुलगी.)

मे महिना, नागपूर, दुपारचे दोन. बाहेर पारा ४५ च्या आसपास आणि या घरात कूलर मुद्दाम बंद ठेवलाय, कारण माझ्या मावसबहिणीची आत्ता घरून करायच्या नोकरीसाठी व्हॉइस टेस्ट, म्हणजे बोलण्याची परीक्षा, सुरू आहे आणि कूलरची घरघर माइकमध्ये गेली तर समोरच्याला काही ऐकूच येणार नाही. आतून मावशी विचारते, "झालं का वं तुझं? लावू का कूलर?" ही बोलत नाही, हातानेच थांब म्हणते. कपाळावरचा घाम ओघळून लॅपटॉपवर पडतो, तो ती ओढणीने पुसते आणि पुढचं वाक्य वाचते.

बीकॉम झालंय, अनुभव काहीच नाही. वर्गातल्या बऱ्याच जणी पुण्याला नाही तर हैदराबादला गेल्या, हिला जमलं नाही कारण मावसाजींची तब्येत. म्हणून घरून करता येईल असं काम ती गेले आठ महिने शोधून राहिली आहे.

(दृश्य: मोबाइलचा स्क्रीन, नंबर पुसट केलेला.)

या आठ महिन्यांत तिला सगळ्यात जास्त काय आलं असेल तर असे मेसेज. व्हिडिओ लाइक करा, हॉटेलला पाच स्टार द्या, एका लाइकचे ५० रुपये. आणि पैसे खरंच येतात, पहिल्या दिवशी दीडशे वगैरे, म्हणूनच माणूस फसतो. मग टेलिग्रामच्या ग्रुपात घेतात, तिथे आधीच कितीतरी जण "मला आज इतके मिळाले" म्हणून स्क्रीनशॉट टाकत असतात आणि ते सगळे त्यांचीच माणसं, मग येतो प्रीपेड टास्क, हजार भरा तेराशे घ्या, मग पाच हजार, मग रक्कम स्क्रीनवर वाढलेली दिसते पण काढता येत नाही, काढायला आधी टॅक्स भरा म्हणतात. ते पैसे कधीच परत येत नाहीत.

मी पण फसलोय, वेगळ्या प्रकारात. २०२१ साली. फॉर्म फिलिंगचं काम, पाच दिवसांत ५०० फॉर्म, सही केलेलं अॅग्रीमेंट. चार रात्री जागून भरले. शेवटच्या दिवशी त्यांची वेबसाइट उघडेचना, आणि दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअॅपवर वकिलाची नोटीस, करार मोडला, साडेसहा हजार भरा नाहीतर कोर्टात या. मी घरी कोणाला न सांगता भरले. नंतर धंतोलीतल्या एका ओळखीच्या वकिलांनी तो कागद बघितला, म्हणाले, "बाळा, कोर्ट असं व्हॉट्सअॅपवर पैसे मागत नसतं." ती नोटीस बनावट होती. हा प्रकार अजूनही जोरात आहे, अशी नोटीस आली असेल तर कृपा करून भरू नका, आणि आधी घरी सांगा.

(दृश्य: सक्करदऱ्यातला टायपिंग क्लास, कीबोर्डवरची बोटं.)

मग खरं काम कुठं आहे? आहे. कस्टमर सपोर्टचं, फोनवर किंवा चॅटवर, यात फ्रेशर घेतात आणि काही कंपन्या घरूनच काम देतात. रेकॉर्डिंग ऐकून लिहून काढणं, सबटायटल, एआयसाठी मराठी वाक्यं बोलून रेकॉर्ड करणं किंवा डेटाला लेबल लावणं, म्हणजे फोटोत किंवा वाक्यात काय आहे ते नोंदवणं, इथे तर आपलं मराठीच कामाला येतं. पण अनुभव नको याचा अर्थ काहीच यायला नको असा नाही हो. खरी कंपनी आधी तुमची परीक्षा घेते आणि नापास पण करते. माझ्या बहिणीला चॅट सपोर्टच्या पहिल्या टेस्टमध्ये काढलंच, मिनिटाला २२ शब्द निघाले. दोन दिवस ती कोणाशी बोलली नाही. मग या क्लासला आली, जीसीसी-टीबीसी ही सरकारी कॉम्प्युटर टायपिंगची परीक्षा, त्यातली इंग्रजी मिनिटाला ३० शब्दांची दिली, आता ३५ पर्यंत जाते.

शोधायचं कुठं म्हणाल तर केंद्राच्या कामगार मंत्रालयाचं नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टल आहे, २०१५ पासून, नोंदणी फुकट. इंटर्नशाला या इंटर्नशिपच्या साइटवर वर्क फ्रॉम होमचा फिल्टर लावता येतो आणि स्टायपेंड तिथंच लिहिलेला असतो. अपवर्कसारख्या फ्रीलान्स कामांच्या साइटवर कामासाठी अर्ज पाठवायला कनेक्ट्स नावाची टोकन लागतात, ते संपले की विकत घ्यावे लागतात, आणि तिथे आपली स्पर्धा जगाशी, म्हणून अगदी नवख्याने तिथून सुरुवात करू नये असं माझं मत आहे.

आणि पोर्टल कितीही चांगलं असो, जाहिरात तपासायचीच. कंपनी कार्य मंत्रालयाच्या वेबसाइटवर नाव टाकलं की कंपनी कधी नोंदली, पत्ता काय, ते फुकटात दिसतं. पण तेवढ्यावर थांबू नका, कारण फसवणारे खऱ्या मोठ्या कंपनीचंच नाव लावतात. त्या कंपनीची स्वतःची वेबसाइट उघडा, करिअरच्या पानावर ती जागा आहे का बघा, मेल कंपनीच्या डोमेनवरून आलाय की साध्या जीमेलवरून ते बघा. रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग, लॅपटॉपचं डिपॉझिट, कशाच्याही नावाने नोकरी देणारा पैसे मागत असेल तर फोन ठेवा. बँक खातं भाड्याने द्या म्हणत असेल तर त्याहून लवकर ठेवा, त्या खात्यातून चोरीचा पैसा फिरतो आणि पोलीस खातेदाराच्या दारात येतात.

पैसे गेलेच असतील तर लाजत बसू नका. १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला लगेच फोन लावा, जितका उशीर तितका पैसा पुढच्या खात्यात सरकतो, लवकर कळवलं तर मधेच गोठवता येतो. मी त्यावेळी लाजलो, कोणालाच कळवलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

(दृश्य: पुन्हा मानेवाडा. बहीण हेडफोन काढते.)

वीस मिनिटं झाली. समोरून सांगितलंय, निकाल तीन दिवसांत मेलवर. तिने अजून एका ठिकाणी अर्ज केलाय, सोमवारी तिथली टायपिंग टेस्ट आहे.

"झालं आई," ती म्हणते, "लाव आता."

मावशी बटण दाबते.