तुझे सर कधी येणार?

(पुण्यात अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

पत्रिकेवर विषय छापलाय ‘मीटिंगमधली पहिली पाच मिनिटं’. त्यावर बोलणारच आहे. पण आधी एक प्रसंग सांगते, कारण माझं निम्मं म्हणणं त्यातच आलंय.

मी डेटाबेसचं काम करते. पोस्टग्रेस नावाचा डेटाबेस. बारा वर्षं झाली. चण लहान, चेहरा अजून कॉलेजातला. तीन वर्षांपूर्वी एका वितरण कंपनीचं बिलिंग सकाळपासून अडखळत होतं, म्हणून मी आणि आमच्या टीममधला एक मुलगा तिथं गेलो. नोकरीला लागून त्याला दोन वर्षं झालेली. उंच, भरघोस दाढी. गेटवर त्याला पास मिळाला आणि मला प्रश्न, “इंटर्नशिपला का?” ते मी सोडून देते, वॉचमनला दिवसभरात शंभर चेहरे बघायचे असतात. आत मॅनेजर होते, माझ्या वडिलांच्या वयाचे, स्वभावानं खरंच प्रेमळ. मला म्हणाले, “बस बाळ. चहा घेणार ना? तुझे सर कधी येणार?” आणि लगेच त्याच्याकडे वळून, “हं, बोला साहेब, तुम्हाला काय वाटतं?”

इंग्रजीत हे झाकून जातं. मराठीत झाकत नाही. मला ‘तू’, त्याला ‘तुम्ही’, आणि खोलीतल्या सहाही माणसांना कळलं की कान कुणाकडे द्यायचा.

स्क्रीनवर दिसत होतं, डिस्क ९२ टक्के भरलेली. कारणही दिसत होतं. कुणीतरी जुना रेप्लिका सर्व्हर, म्हणजे डेटाबेसची चालती नक्कल ठेवणारा, बंद केला होता, पण त्याच्या नावाचा रेप्लिकेशन स्लॉट, म्हणजे त्या नकलेपर्यंत बदल कुठवर पोचले याची खूण, तसाच राहिला होता. ज्यांनी हे हाताळलंय त्यांना माहीत आहे: स्लॉट आहे तोवर पोस्टग्रेस वॉलच्या (WAL), म्हणजे बदलांच्या नोंदींच्या, फाइली टाकून देत नाही. जो आता जेवायला येणारच नाही, त्याच्यासाठी रोज डबा भरून ठेवतो. मी म्हटलं, “हा स्लॉट काढू या, चेकपॉइंट घेऊ या, जागा मोकळी होईल.” प्रॉडक्शनला, म्हणजे चालू यंत्रणेला, हात लावायचा तर मॅनेजरांची परवानगी हवी. “हो हो, बघू,” म्हणाले, आणि रॅम वाढवायची का, ते त्याला विचारायला लागले. तो भिडस्त, विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देत राहिला. मी तीनदा सांगितलं. ९४ झाले. ९७ झाले. अकरा चाळीसला डिस्क भरली आणि डेटाबेस बंद पडला. गोदामाच्या दारात गाड्या लागलेल्या, चलन निघेना.

तेव्हा तो मुलगा उभा राहिला. “सर, मला नका विचारू. मॅडम मघापासून तेच सांगतायत. हे काम मी त्यांच्याकडूनच शिकलोय.”

डिस्कला थोडी जागा जोडून डेटाबेस उठवला, स्लॉट काढला, गाड्या हलल्या. मॅनेजरांनी नंतर मनापासून माफी मागितली, ‘तुम्ही’ म्हणून.

अपमान वाटला का? वाटला. घरी येऊन रडले. पण मला अजून राग येतो तो त्या चाळीस मिनिटांचा. उत्तर खोलीत हजर होतं आणि ते वापरलं गेलं नाही. लॉगमधली चूक आपण कधी अशी सोडतो का, की ही ओळ बारीक अक्षरात आलीय म्हणून वाचायची नाही?

आपल्याकडे जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींची गोष्ट सांगतात. दुर्गाबाई भागवतांची बहीण. १९३३ साली त्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या तेव्हा सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत, तेव्हा वर्षभराच्या अटीवर घेतलं. पुढं १९३९ साली केंब्रिजची पीएचडी. गोष्ट सांगताना सगळे त्यांच्या जिद्दीबद्दल बोलतात. मला ते एक वर्ष टोचतं. बरोबरच्या मुलांना विश्वास उधारीवर मिळाला, कमलाबाईंना तो रोखीनं घ्यावा लागला. आणि १९४६ चा एनियाक बघा, अमेरिकेतला सुरुवातीचा संगणक. सहा बायकांनी त्याचं प्रोग्रामिंग केलं. ऐंशीच्या दशकात कॅथी क्लायमन या विद्यार्थिनीनं जुन्या फोटोंतल्या या कोण असं विचारलं, तर उत्तर मिळालं की यंत्र छान दिसावं म्हणून उभ्या केलेल्या मॉडेल्स. पुरावा फोटोत होता, तरी चेहऱ्यांवरून निकाल लागला!

चिठ्ठी आली. सात मिनिटं उरलीत. पहिल्या पाच मिनिटांचं भरभर सांगते.

ओळख स्वतः करून देऊ नका, बरोबरच्या माणसाला करून द्यायला सांगा, आणि ती कामाची असू द्या: “या मायग्रेशनचा निर्णय या घेतात.” वर्षं नकोत, पदवी नको. हे आदल्या दिवशी ठरवून ठेवा, आयत्या वेळी सुचत नाही.

दुसरं, निदान तोंडी ठेवू नका. चॅटवर टाका, वेळेसकट: “या वेगानं अकरा चाळीसला डिस्क भरेल.” मी त्या दिवशी लिहिलं नाही. आता प्रत्येक वेळी लिहिते.

तिसरं पुरुषांसाठी, मागं काही प्राध्यापक बसलेत म्हणून. तुमच्याकडे चुकून आलेला प्रश्न तुम्ही उत्तर देऊन संपवू नका, ज्याचा आहे त्याच्याकडे पाठवा. चाळीस मिनिटांनी नाही, पहिल्याच प्रश्नाला. आणि खोलीत एकाला ‘तुम्ही’ म्हणणार असाल तर सगळ्यांना म्हणा.

साडी नेस, चष्मा लाव, आवाज जड कर, हे सल्ले मलाही मिळाले. दोन वर्षं मी ते पाळले. रेप्लिकेशन लॅगवर, म्हणजे नक्कल जितकी मागं पडते त्या वेळावर, एका सेकंदाचाही फरक पडला नाही, तो वेळ मी वाचनाला द्यायला हवा होता.

तो मुलगा आज इथं आलाय, तिसऱ्या रांगेत. चहाच्या वेळी त्याला विचारा, त्या चाळीस मिनिटांत त्याला काय वाटत होतं. मला त्यानं ते परवा पहिल्यांदा सांगितलं. स्लॉटबद्दल काही विचारायचं असेल तर माझ्याकडे या.